लेझरने उत्तेजित बिस्मथमधली कंपनं काढायची, तर आधी इलेक्ट्रॉन मोजा

प्रश्न थोडक्यात असा: बिस्मथच्या फोनॉन-वारंवारता (स्फटिकातल्या अणूंच्या सामूहिक कंपनांच्या वारंवारता) डीएफटीने, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून पदार्थाचे गुणधर्म काढणाऱ्या क्वांटम पद्धतीने, काढल्या आणि ए-वन-जी मोड (जोडीतले अणू एकमेकांच्या जवळ-दूर होतात ते कंपन) प्रयोगाच्या जवळ आला. मग लेझर पल्सचा परिणाम आणायचा म्हणून इलेक्ट्रॉनचं तापमान १०,००० केल्विन ठेवून तेच गणित पुन्हा चालवलं. आता काही वारंवारता चक्क काल्पनिक येतात, म्हणजे गणित रचनाच अस्थिर असल्याचं सांगतं. प्रयोगात मात्र मोड मऊ पडतो, पण स्फटिक शाबूत राहतो. चूक कुठे आहे? आणि इलेक्ट्रॉन एवढे तापलेले असताना अणू थंड कसे धरायचे?

तुमच्या फोनॉनच्या गणितात बहुधा काहीच चूक नाही. तुम्ही वेगळ्याच स्फटिकाचं गणित केलंत, इतकंच. उत्तेजित अवस्थेच्या सिम्युलेशनमध्ये वारंवारता काढणं हा सोपा भाग असतो. पल्सने किती इलेक्ट्रॉन वर उचलले आणि वर गेल्यावर ते कुठे बसले हे ठरवण्यात खरी मेहनत आहे. तापमान हा त्या वर्णनाचा एक प्रकार झाला, आणि तो आकडा मनाने टाकला की पुढचं सगळं बिघडतं.

आधी १०,००० केल्विनचाच हिशोब करू. हे तापमान म्हणजे ०.८६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. बिस्मथच्या पी-पट्ट्यांमध्ये (बंध बनवणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जा-पट्ट्यांमध्ये) अवस्थांची घनता ढोबळमानाने एका युनिट सेलमागे (स्फटिकात पुन्हापुन्हा येणारा तुकडा, इथे दोन अणूंचा), एका इलेक्ट्रॉन-व्होल्टमागे एक इलेक्ट्रॉन धरली, तर या तापमानाला इलेक्ट्रॉनांत साठलेली ऊर्जा दर अणूमागे अर्ध्या इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वर जाते. बिस्मथ वितळतो ५४४ केल्विनला. खोलीच्या तापमानापासून तिथवर पोचायला दर अणूमागे सुमारे ०.०६ आणि वितळण्याच्या सुप्त उष्णतेसाठी आणखी सुमारे ०.१२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. म्हणजे स्फटिक वितळवायला लागेल त्याच्या तिप्पट ऊर्जा तुम्ही इलेक्ट्रॉनांत ओतून बसला आहात. काल्पनिक वारंवारता आल्या नसत्या तरच नवल.

आता उलट बाजूने, म्हणजे प्रयोगाकडून येऊ. समजा ५० नॅनोमीटर जाडीची फिल्म आहे, तिने दर चौरस सेंटिमीटरला १ मिलिज्यूल ऊर्जा शोषली आणि लेझर ८०० नॅनोमीटरचा आहे. एका फोटॉनची ऊर्जा १.५५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. भागाकार केला की दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४ × १०^१५ फोटॉन येतात. प्रकाश वरच्या थोड्या नॅनोमीटरमध्येच शोषला जातो, पण तापलेले इलेक्ट्रॉन एवढ्या पातळ फिल्मभर लगेच पसरतात, म्हणून संपूर्ण जाडीने भागायला हरकत नाही: दर घन सेंटिमीटरला ८ × १०^२०. बिस्मथमध्ये दर घन सेंटिमीटरला २.८ × १०^२२ अणू आणि प्रत्येकाचे ५ संयुजा इलेक्ट्रॉन. म्हणजे उत्तेजित झाले सुमारे ०.५७ टक्के, किंवा दोन अणूंच्या युनिट सेलमागे ०.०५७ इलेक्ट्रॉन. हाच आकडा तुमच्या इनपुट फाइलमध्ये जायला हवा. याच ऊर्जेने शेवटी अणू किती तापतील तेही पाहून घ्या: सुमारे १७० केल्विन. ३०० वरून ४७० ला, वितळणबिंदूच्या खाली. हिशोब पटण्यासारखा आहे.

हा अर्धा टक्का वाटतो क्षुल्लक. पण बिस्मथ अर्धधातू आहे. अतिथंड अवस्थेत त्यात दर घन सेंटिमीटरला सुमारे ३ × १०^१७ एवढेच वाहक (वीज वाहून नेणारे मोकळे इलेक्ट्रॉन) असतात, म्हणजे लाख अणूंमागे एखादाच. (मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत या विरळ वाहकांच्या धातूत अर्ध्या मिलिकेल्विनच्या आसपास अतिवाहकता सापडली, तेव्हा सगळ्यांना आश्चर्य वाटलं ते याचमुळे.) त्या तुलनेत पल्सने वाहक हजारो पटींनी वाढवले. अणूंमधल्या बलांवर याचा परिणाम न होता तर विचित्रच होतं.

परिणाम कसा होतो हे समजायला बिस्मथची रचना पाहावी लागते. घनाकृती जाळीतले अणू कर्णाच्या दिशेने जोडीजोडीने किंचित जवळ सरकले की बिस्मथ तयार होतो. अणूची जागा दाखवणारा आकडा सममित रचनेत ०.२५ असता, प्रत्यक्षात तो ०.२३४ आहे. हीच पायर्ल्स विकृती. ती टिकते, कारण जोड्या जमल्यावर भरलेल्या पी-पट्ट्या खाली सरकतात आणि रिकाम्या वर जातात, आणि या व्यवहारात इलेक्ट्रॉनांचा फायदा होतो. लेझरने खालच्या पट्टीतले इलेक्ट्रॉन उचलून वरच्या पट्टीत ठेवले की फायदा कमी होतो. मग दोन गोष्टी एकाच वेळी घडतात: पोटेन्शियलच्या (अणूंच्या जागेनुसार बदलणाऱ्या ऊर्जेच्या) खळग्याचा तळ ०.२५ कडे सरकतो आणि खळगा उथळ होतो. पहिल्या गोष्टीमुळे कंपन सुरू होतं, दुसरीमुळे त्याची वारंवारता उतरते.

तळ सरकतो तो काही दहा फेम्टोसेकंदांत. ए-वन-जी मोडची वारंवारता २.९२ टेराहर्ट्झ, म्हणजे एक आंदोलन ३४२ फेम्टोसेकंदांचं. अणूंना कळायच्या आत तळ बदललेला असतो. स्थिर टांगलेल्या झोपाळ्याची कडी एका झटक्यात वीतभर पुढे नेली, तर झोपाळा कोणी न ढकलता झुलू लागेल. इथेही तसंच होतं, फक्त प्रकाश पडलेल्या भागातले सगळे अणू एकाच तालात झुलतात. या यंत्रणेचा सिद्धान्त १९९२ मध्ये झायगर आणि त्यांच्या एमआयटीतल्या सहकाऱ्यांनी मांडला. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. अणूंना ‘तापायला’ वेळच मिळालेला नसतो. इलेक्ट्रॉनांकडून जाळीकडे ऊर्जा जायला काही पिकोसेकंद लागतात. आपल्याला पाहायची ती पहिली चार-सहा आंदोलनं त्याआधीच होऊन जातात.

आता कळीचा मुद्दा. ०.०५७ इलेक्ट्रॉन वर गेले हे ठरलं. ते बसवायचे कसे? दोन पद्धती आहेत, आणि दोन्हींच्या बाजूने चांगले लोक उभे आहेत.

पहिल्या पद्धतीत सगळ्या इलेक्ट्रॉनांना एकच तापमान आणि एकच रासायनिक विभव (इलेक्ट्रॉन कुठवर भरले आहेत ती ऊर्जा-पातळी) द्यायचं. कोणत्याही डीएफटी कोडमध्ये फर्मी-डिरॅक स्मिअरिंगने, म्हणजे इलेक्ट्रॉन तापमानानुसार अवस्थांमध्ये पसरवून, हे जमतं. जिरे, जेले आणि आर्नो यांनी २०११ मध्ये बिस्मथसाठी हीच वाट धरली आणि अणूंना ढकलणारं बल इलेक्ट्रॉनांच्या एन्ट्रॉपीतून कसं येतं ते दाखवलं. दुसऱ्या पद्धतीत वरच्या पट्टीतल्या इलेक्ट्रॉनांना एक विभव आणि खालच्या पट्टीतल्या होल्सना (इलेक्ट्रॉन गेल्याने रिकाम्या झालेल्या जागांना) वेगळं विभव द्यायचं, आणि वर गेलेल्यांची संख्या पक्की बांधून टाकायची. आयर्लंडमधल्या कॉर्कच्या मरे, फाही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिस्मथवर २००५ पासून हे केलं. कारण सरळ आहे: एकाच पट्टीत इलेक्ट्रॉन आपापसांत झटपट स्थिरावतात, पण वरून खाली उतरून होलला भेटायला त्यांना जास्त वेळ लागतो.

माझं मत विचाराल तर पहिल्या एक-दोन पिकोसेकंदांसाठी दुसरी पद्धत. पुनर्संयोग (इलेक्ट्रॉन आणि होल्सची ही भेट) होत गेला की चित्र हळूहळू पहिल्या पद्धतीकडे सरकतं, त्यामुळे दोन्ही चालवून पाहणं उत्तम. फक्त तुलना करताना समान तापमानावर करू नका. दोन्हींत वर गेलेले इलेक्ट्रॉन समान ठेवा, किंवा शोषलेली ऊर्जा समान ठेवा, आणि कुठलं समान ठेवलं ते लिहून ठेवा. शोधनिबंधांमधले निम्मे मतभेद एवढ्यानेच मिटतील असं मला वाटतं.

कोडच्या बाबतीत आता चैन आहे. ॲबिनिट या डीएफटी कोडमध्ये इलेक्ट्रॉन आणि होल्सना वेगळी विभवं देण्याची सोय आहे. क्वांटम एस्प्रेसोमध्येही मरिनी आणि कलांद्रा यांच्या २०२१ च्या कामानंतर दोन विभवांसह थेट फोनॉन काढता येतात. व्हास्प वापरत असाल तर व्यापनं (कोणत्या अवस्थेत किती इलेक्ट्रॉन ते) हाताने बांधता येतात. मात्र एखाद्या के-पॉइंटवर (इलेक्ट्रॉनांचा संवेग दाखवणाऱ्या जाळ्यातल्या बिंदूवर) पट्ट्यांचा क्रम बदलला की भलत्याच अवस्थेत इलेक्ट्रॉन बसतात. प्रत्येक पायरीनंतर पट्ट्यांवर नजर टाका.

स्मिअरिंगबद्दल एक ताकीद. मेथफेसेल-पॅक्स्टन किंवा ‘कोल्ड’ स्मिअरिंग ही मूळ अवस्थेचं गणित लवकर जुळावं म्हणून केलेली युक्ती आहे. त्यांची रुंदी वाढवून ‘गरम इलेक्ट्रॉन’ मिळत नाहीत. काही अवस्थांची व्यापनं ऋण किंवा एकाहून जास्त येतात. तापमान हवं असेल तर फर्मी-डिरॅकच. आणि मग पोटेन्शियलचा आलेख काढताना आउटपुटमधली मुक्त ऊर्जा घ्या, एन्ट्रॉपीचं पद धरून. कोडने दिलेली बलं त्या मुक्त ऊर्जेचीच अवकलं असतात. नुसती अंतर्गत ऊर्जा काढली तर आलेखाची वक्रता एक सांगते आणि फोनॉनचं गणित दुसरं.

प्रत्यक्ष कामाला लागताना मी थेट पूर्ण फोनॉन-आलेखाकडे जाणार नाही. दोन अणूंचा युनिट सेल घ्यायचा, जाळीची मापं मूळ अवस्थेचीच ठेवायची आणि अणूची जागा दाखवणारा तो एकच अंतर्गत आकडा ०.२३० पासून ०.२७० पर्यंत बारीक पायऱ्यांनी सरकवत ऊर्जा काढत जायचं. ए-वन-जी मोडमध्ये स्फटिकाची सममिती मोडत नाही, त्यामुळे हे फार स्वस्तात होतं. मूळ अवस्थेत ०.२३४ आणि ०.२६६ ला दोन खळगे आणि मधे ०.२५ ला उंचवटा दिसेल. इलेक्ट्रॉन वाढवत जा: खळगे आत सरकतील, उंचवटा बसत जाईल आणि एका टप्प्यानंतर ०.२५ ला एकच खळगा उरेल. या वक्रावर न्यूटनचं समीकरण सोडवलं की कंपन मिळालं. हे बऱ्यापैकी डेस्कटॉपवर होतं. पुण्याच्या आयसरमधल्या परम ब्रह्मसारख्या यंत्रावर रांगेत थांबायचं ते सगळ्या तरंग-सदिशांचे (सगळ्या तरंगलांबींचे आणि दिशांचे) फोनॉन हवे असतील तेव्हा.

जाळीची मापं का बदलायची नाहीत? बिस्मथमध्ये ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे २ किलोमीटर. ५० नॅनोमीटरची फिल्म ओलांडायला त्याला २५ पिकोसेकंद लागतात. तोवर स्फटिकाला फुगायला वावच नाही. सवयीने सेल पूर्ण मोकळा सोडून रिलॅक्स करणारे इथे हमखास फसतात. अंतर्गत जागा मात्र मोकळी सोडायलाच हवी. फोनॉन नव्या तळावर काढायचे असतात. जुन्या जागेवर उरलेलं बल तसंच ठेवून काढलेल्या वारंवारतेला अर्थ नाही. तुमच्या काल्पनिक वारंवारतांपैकी काही यामुळेही आल्या असतील, ते एकदा तपासा.

बिस्मथचा अणुक्रमांक ८३. एवढ्या जड अणूत स्पिन-ऑर्बिट परिणाम (इलेक्ट्रॉनाची फिरकी आणि कक्षीय गती यांची जोडणी) मोठा असतो; तो वगळला तर मूळ अवस्थेच्या फोनॉनमध्येच फरक पडतो. २००७ मध्ये दियास-सांचेझ, रोमेरो आणि गाँझ यांनी हे सविस्तर दाखवलं आहे. वेळ वाचवायला तो वगळलात, तर निदान एका इलेक्ट्रॉन-घनतेला तो घालून फरक मोजा. के-पॉइंटचं उलटंच आहे: मूळ अवस्थेत वाहकांचे कप्पे इवलेसे असल्याने घनदाट जाळं लागतं, उत्तेजित अवस्थेत व्यापनं पसरट होतात आणि जुळणी सोपी होते. तरी जाळं दोन्हीकडे एकच ठेवा, नाहीतर वजाबाकीत जाळ्याचा फरक भौतिकशास्त्र म्हणून मिरवतो.

आता प्रयोगाशी जुळवणी. लेझर जसजसा तीव्र, तसतशी वारंवारता उतरते. याचं कारण बराच काळ वादात होतं. एक शक्यता अशी की खळगा तोच आहे, पण आंदोलन मोठं झाल्याने त्याचा असममित भाग जाणवतो. दुसरी अशी की इलेक्ट्रॉनांमुळे खळगाच बदलला. सिम्युलेशनमध्ये या दोन शक्यता वेगळ्या करणं हातचं काम आहे: इलेक्ट्रॉनांची संख्या बांधून ठेवा आणि आंदोलन लहान-मोठं करून पाहा, मग आंदोलन तेवढंच ठेवून इलेक्ट्रॉन बदला. मरे आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवलं की मोठा वाटा इलेक्ट्रॉनांचा आहे, असममितीचा अगदी थोडा. २००७ मध्ये स्टॅनफर्डच्या स्लॅक प्रयोगशाळेतल्या अतिलघू क्ष-किरण पल्सनी फ्रिट्झ आणि त्यांच्या मोठ्या गटाने अणूंचं सरकणं थेट मोजलं, आणि निष्कर्ष गणिताशी जुळला. हा प्रयोग तुम्हीही तुमच्या आकड्यांनी करून पाहा, फुकट आहे.

क्ष-किरणांचे निकाल समोर असतील तर वारंवारतेच्या आधी तीव्रता काढा. या रचनेत विवर्तनाचं रचना-गुणक कोसाइनचं साधं पद असतं: २π गुणिले मिलर अंकांची (परावर्तन ओळखणाऱ्या तीन आकड्यांची, जसे १११) बेरीज गुणिले अंतर्गत आकडा. १११ परावर्तनात हे पद ०.२५ ला शून्य होतं. म्हणून आकडा ०.२३४ वरून ०.२३५ झाला, म्हणजे अणू जेमतेम ०.०१२ अँगस्ट्रॉम सरकला, तरी तीव्रता जवळजवळ १२ टक्क्यांनी घटते. २२२ परावर्तनाची तीव्रता त्याच वेळी ५ टक्क्यांनी वाढते. एक घटतं आणि दुसरं वाढतं, ही खूण पाहा. दोन्ही एकदम घटत असतील तर तुम्ही सरकणं पाहत नसून अणूंचं तापणं पाहत आहात.

मॉलिक्युलर डायनॅमिक्स (अणूंची हालचाल पायरीपायरीने काढणारं सिम्युलेशन) चालवायचं असेल तर व्यापनं बांधून चालवा आणि अणूंना थर्मोस्टॅट (तापमान बांधून ठेवणारी गणिती सोय) लावू नका. थर्मोस्टॅट नेमकी आपल्याला हवी ती एकतालातली हालचाल खाऊन टाकतो. सुरुवात मूळ अवस्थेत स्थिरावलेल्या अनेक नमुन्यांतून करा आणि सरासरी घ्या, कारण एका धावेत खोलीच्या तापमानाचा गोंगाट सिग्नलवर मात करतो. इथे एक गमतीची गोष्ट दिसेल. ए-वन-जी सोडून बाकीच्या मोडांचा तळ सरकत नाही, पण त्यांचा खळगा अचानक उथळ होतो. त्यामुळे त्यांच्या विस्थापनाच्या वर्गाची सरासरी दुप्पट वारंवारतेने वरखाली होते. जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हे बिस्मथमध्येच क्ष-किरणांनी पाहिलं. सुपरसेल (अनेक युनिट सेलचा तुकडा) पुरेसा मोठा नसेल तर ते तुमच्या सिम्युलेशनमध्ये दिसणारच नाही.

कालाधारित डीएफटी (इलेक्ट्रॉनांची हालचाल क्षणाक्षणाला काढणारी डीएफटी) वापरावं का, हे पुढे कोणीतरी विचारेलच. पल्स चालू असताना इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात एवढंच पाहायचं असेल तर जरूर. पण तिथली कालपायरी अॅटोसेकंदांची. १० पिकोसेकंद गाठायला लाखो पायऱ्या लागतात, आणि एवढं करून एहरेनफेस्ट पद्धतीत (तिथे अणू इलेक्ट्रॉनांच्या सरासरी बलावर चालतात) इलेक्ट्रॉन आपापसांत नीट स्थिरावतही नाहीत. या कामासाठी मी त्या वाटेला जाणार नाही.

दुसऱ्या पदार्थाकडे वळाल तेव्हा ‘प्रकाश पडला की स्फटिक मऊ’ असं गृहीत धरू नका. सिलिकॉनमध्ये स्टॅम्प्फ्ली आणि बेनेमान यांनी १९९० मध्ये भाकीत केलं की सुमारे ९ टक्के संयुजा इलेक्ट्रॉन उचलले गेले तर आडवे ध्वनी-फोनॉन अस्थिर होतात. बिस्मथच्या मानाने हा आकडा केवढा मोठा आहे पाहा. सोन्यात तर उलटच: इलेक्ट्रॉन तापले की बंध कडक होतात. रेकूल आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हे गणिताने सांगितलं आणि २००९ मध्ये इलेक्ट्रॉन-विवर्तनाच्या प्रयोगात त्याला दुजोरा मिळाला.

हे सगळं करूनही आकडा जुळला नाही, तर कोडवर संशय घेण्याआधी प्रयोगातली ऊर्जा तपासा. निबंधात दिलेली ऊर्जा पृष्ठभागावर पडलेली आहे की शोषलेली? ८०० नॅनोमीटरचा निम्म्याहून बराच अधिक प्रकाश बिस्मथ परत फेकतो, त्यामुळे एवढ्यानेच इलेक्ट्रॉनांची संख्या दुपटी-तिपटीने चुकते. फिल्म जाड असेल तर वरचे थर जास्त उत्तेजित आणि खालचे कमी. मोजलेली वारंवारता ही त्या सगळ्यांची सरासरी. शिवाय काळ जाईल तसे वाहक पसरतात, पुनर्संयोग होतो आणि वारंवारता पुन्हा वर चढते. म्हणून तुलना करताना पहिल्या दोन-तीन आंदोलनांची वारंवारता घ्या. संपूर्ण सिग्नलच्या फूरिए रूपांतरातलं शिखर घेतलंत, तर ते तुमच्या गणितापेक्षा वरच दिसेल.